आधी भाकरी मोजून या

बारा जण थकून परत आले होते. येशूने त्यांना दोघादोघांच्या जोड्या करून गालीलातल्या गावांत पाठवलं होतं. हातात काठी तेवढी. झोळी नाही, शिदोरी नाही, कमरेला पैसा नाही. आल्यावर त्यांनी काय केलं, लोकांना काय शिकवलं ते सगळं त्याच्या कानावर घातलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ एवढी होती, की त्यांना दोन घास खायलाही सवड मिळेना. म्हणून येशू त्यांना होडीत घालून निवांत जागी घेऊन निघाला. लोकांनी होडी ओळखली आणि काठाकाठाने पायी धावत ते आधीच तिथे जाऊन थांबले.

दिवस कलल्यावर शिष्यांनी व्यवहाराची गोष्ट सांगितली : यांना आता वाटेला लावावं, आसपासच्या वाड्यावस्त्यांवर काहीतरी विकत घेऊन खातील. येशूने उलट ते काम त्यांच्याच गळ्यात घातलं. जेवू तुम्ही घाला, म्हणाला. शिष्यांनी लगेच हिशेब मांडला. दोनशे दिनारांच्या भाकरी आणायच्या की काय? दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. त्यावर येशूने वाद घातला नाही, प्रवचनही केलं नाही. आपल्याकडे भाकरी किती आहेत ते बघून यायला सांगितलं. ते गेले, मोजून आले : पाच भाकरी, दोन मासे.

मार्काच्या सहाव्या अध्यायातला हा प्रसंग आपण चमत्कार म्हणून ऐकत आलो. शिष्य घडवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी तो एकदा कामाच्या वाटपाच्या अंगाने वाचावा. भाकरी मोजल्या शिष्यांनी. हिरवळीवर शंभर-शंभर, पन्नास-पन्नासच्या पंगती बसल्या त्याही त्यांच्या देखरेखीखाली. पंगतीत वाढलं त्यांनी. पाच हजार पुरुषांची जेवणं उरकल्यावर तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या गेल्या. आशीर्वाद मागणं आणि भाकर मोडणं एवढं येशूने स्वतःकडे ठेवलं, बाकीचं काम बारा जणांच्या हातांतून गेलं. यातल्या एकालाही हे कसं संपणार आहे याची आधी कल्पना नव्हती. म्हणजे काम समजलेलं नसतानाच ते त्यांच्याकडे सोपवलं गेलं होतं.

आपल्या मंडळ्यांत नेमकं उलट घडतं. माणूस पूर्ण तयार झाल्यावर त्याला काम द्यायचं, हा आपला शिरस्ता. त्यामुळे वीस-वीस वर्षं माणसं बाकावर बसून ऐकतात. उपासना, बायबल अभ्यास, उपवास-प्रार्थना, वर्षातून एकदा तीन दिवसांच्या संजीवन सभा. सगळीकडे तीच माणसं आणि सगळीकडे श्रोते. कोर्सची प्रमाणपत्रं भिंतीवर लागतात. पण शेजारच्या आजारी माणसासाठी चार वाक्यांची प्रार्थना करायची वेळ आली, की सगळे पाळकसाहेबांना फोन लावतात. याला ऐकणाऱ्यांचा आळस जबाबदार आहे असं मला वाटत नाही. त्यांच्या हातात कुणी भाकरी दिलीच नाही.

तेव्हा सुरुवात कुठून करायची? माणसं निवडण्यापासून. लूक सांगतो, की बारा जणांना निवडण्याआधी येशू अख्खी रात्र डोंगरावर प्रार्थनेत होता. गर्दीकडे त्याने पाठ फिरवली नाही, पण गर्दीच्या प्रत्येक माणसाला त्याने सारखाच वेळही दिला नाही. बारा जण, त्यांतले पेत्र, याकोब आणि योहान आणखी जवळचे, शिवाय ज्यांना पुढे पाठवलं ते सत्तर. तुम्ही शिक्षक, नोकरदार, गृहिणी, रविवारच्या शाळेचे कार्यकर्ते असाल, तर तुमच्या आवाक्यात दोन किंवा तीन माणसं येतात, चौथ्याचं नाव आलं की विचार करा. पाळकांच्याही आवाक्यात याहून फार जास्त येत नाहीत. सभासदांची यादी कितीही लांब असो.

निवडताना चांगला गळा, पाठांतर आणि वेळेवर येणं एवढंच बघू नका. बारा जणांत मासेमारी करणारे होते. हेरोद अंतिपाच्या राज्यात जकातीच्या नाक्यावर बसणारा मत्तय होता आणि जिलोत म्हणून ओळखला जाणारा शिमोनही होता. एक परक्या सत्तेशी जुळवून घेऊन पोट भरणारा, दुसरा त्या सत्तेविषयी चीड असणाऱ्यांच्या नावाने ओळखला जाणारा. हे दोघं एका ताटात जेवायला बसले की काय बोलत असतील, असा विचार मनात येतोच! आपल्याकडे मात्र गट एका गल्लीचा, एका नात्यागोत्याचा होतो आणि पुष्कळदा एका जातीचाही. हे बोलायला जड जातं, पण गावोगावच्या मंडळ्यांत ते दिसतं. निदान एक माणूस असा घ्या, की ज्याच्याशी तुमचं सहज जमत नाही.

निवडल्यानंतर पहिली चूक होते ती पुस्तक हातात घेण्याची. शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात, अध्याय पहिला, खाली प्रश्न. अभ्यास हवाच, पण येशूने बारा जणांना नेमलं ते आधी आपल्यासोबत राहण्यासाठी, पाठवणं त्यानंतर; मार्काने क्रम तसाच दिला आहे. सोबत राहिल्यामुळे त्यांनी त्याला काय काय करताना पाहिलं? पेत्राची सासू तापाने फणफणली होती तेव्हा तिच्या उशाशी. वादळात होडीच्या मागच्या बाजूला उशीवर गाढ झोपलेला. बेथानीला लाजराच्या मृत्यूनंतर रडताना. शोमरोनात विहिरीवर थकून बसलेला, एका अनोळखी बाईशी बोलताना. कफर्णहूमात लोकांची झुंबड उडालेली असताना पहाटे अंधारातच उठून कुठेतरी गेलेला, आणि सगळे तुला शोधताहेत म्हटल्यावर परत न फिरता पुढच्या गावांकडे निघालेला. यांतली एकही गोष्ट वर्गात शिकवता येत नाही.

म्हणून तुमच्या आठवड्यात जी कामं आहेत, त्यांतच या दोघा-तिघांना सामील करा. कुणाकडे मयत झाली, भेटायला जायचं आहे. एकट्याने जाऊ नका, एकाला बरोबर घ्या. सरकारी दवाखान्यात कुणी दाखल आहे, त्याच्यासाठी डबा न्यायचा आहे. तो डबा त्याच्या हातात द्या. जाताना फार काही समजावू नका. घरात शिरल्यावर आधी गप्प कसं बसायचं, विधवेच्या पुढ्यात वचनांची सरबत्ती का करायची नाही, निघायचं केव्हा, हे त्याला दिसेल. परतताना रिक्षात किंवा दुचाकीवर विचारा, तुला काय दिसलं? बहुतेक वेळा पहिलं उत्तर गुळमुळीत येतं. घाई करू नका. दोन दिवसांनी त्याचाच फोन येतो, की त्या घरातली धाकटी मुलगी कुणाशीच बोलत नव्हती, तिचं काय करायचं? हे तुमच्या नजरेतून सुटलेलं असतं. अशा वेळी त्या मुलीकडे जायचं काम त्याच्याकडे आलेलं आहे, हे ओळखा.

त्याने तुम्हाला थकलेलं, चिडलेलं, हिशेबात चुकलेलंही पाहिलं तर बिघडत नाही. घरी जेवायला बोलवा. बायकोशी, नवऱ्याशी, सासूशी, घरकाम करणाऱ्या बाईशी तुम्ही कसं बोलता ते त्याला ऐकू द्या. भाषण तयार करून देता येतं, घरातला आवाज तयार करून देता येत नाही.

चुका दाखवणं हा सगळ्यात नाजूक भाग, आणि इथे कफर्णहूमचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. वाटेत शिष्यांची आपसात जुंपली होती, आपल्यात मोठा कोण? येशूला ते कळलं होतं, तरी रस्त्यात तो काही बोलला नाही. घरी पोहोचल्यावर त्याने विचारलं, वाटेत कसला वाद चालला होता? सगळे चिडीचूप. मग तो बसला, बाराही जणांना जवळ बोलावलं आणि एका लहान मुलाला त्यांच्यामध्ये उभं करून त्याला कवेत घेतलं. चूक चारचौघांत उघडी केली नाही. ती घराच्या आत, थोडी निवल्यावर, एका प्रश्नाने पुढे आणली. आपण काय करतो? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर नाव न घेता एक वचन टाकतो. ज्याला लागायचं त्याला लागतं, शिवाय ज्याला लागू नये त्यालाही. कृपा करून ही सवय सोडा.

प्रश्न विचारायची त्याची रीतही बघण्यासारखी आहे. चार हजारांना जेवू घातल्यानंतर एकदा होडीत सगळ्यांजवळ मिळून एकच भाकर होती आणि शिष्य त्याच काळजीत होते. येशूने त्यांना दोन्ही वेळच्या टोपल्या मोजायला लावल्या. पाच हजारांच्या वेळी किती उरल्या? बारा. चार हजारांच्या वेळी? सात. आकडे त्यांना तोंडपाठ होते, अर्थ लागला नव्हता. आपली रविवारच्या शाळेतली मुलं कधी कधी इथेच अडकतात. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सहासष्ट पुस्तकांची नावं घडाघडा सांगतात आणि आपण टाळ्या वाजवतो. महिन्यातून एकदा तरी त्यांना असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर पाठ करता येत नाही : या गोष्टीतला कोण तुला आवडला नाही? का?

आता अपयशाविषयी. मार्काच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन येतो. येशू डोंगरावर असतो, खाली उरलेले शिष्य प्रयत्न करतात आणि त्यांना जमत नाही. भोवती गर्दी, शास्त्री हुज्जत घालत आहेत, बापाची आशा संपत चालली आहे. हे तेच शिष्य, ज्यांना आधीच्या फेरीत यश आलं होतं. येशू आला तेव्हा तो अविश्वासाबद्दल त्रासिकपणे बोलला खरा, पण त्याचं लक्ष आधी त्या मुलाकडे आणि बापाकडे गेलं. केव्हापासून होतंय याला, असं त्याने विचारलं. मुलगा बरा झाला. मग घरात गेल्यावर शिष्यांनी एकांतात विचारलं, आम्हाला का जमलं नाही? उत्तर दीड वाक्याचं होतं, ते प्रार्थनेविषयीचं. चौकशी समिती नेमली गेली नाही, काम काढून घेतलं गेलं नाही.

हा क्रम तुम्हालाही उपयोगी पडेल. तुमच्या हाताखालच्या तरुणाने प्रार्थना सभा चालवायला घेतली आणि ती पार कोलमडली, तर आधी त्या सभेला आलेल्या माणसांचं काय ते बघा. त्याच्याशी बोलणं नंतर, घरी. तो स्वतः विचारेपर्यंत थांबता आलं तर उत्तमच. आणि पुढच्या महिन्याची सभा पुन्हा त्याच्याचकडे द्या. शास्त्रपाठ वाचताना एकदा अडखळला म्हणून ज्याला पुन्हा कधी उभं केलं गेलं नाही, असा माणूस जवळपास प्रत्येक मंडळीत शेवटच्या बाकावर सापडतो.

शिष्य घडवायला निघालेल्यांनी मत्तयाचा तेविसावा अध्यायही वाचावा. तो आपल्याला सोयीचा नाही म्हणून आपण तो परूशांच्या नावावर टाकून मोकळे होतो. एक मनुष्य आपल्या बाजूला वळवण्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालणारे, आणि तो वळल्यावर त्याला स्वतःहून वाईट करून सोडणारे, यांच्याविषयी येशू तिथे फार कडक बोलतो. तिथेच तो शिष्यांना बजावतो, की गुरू एकच आहे आणि तुम्ही सगळे भाऊ आहात. गुरुभक्तीची आपल्या मातीत मोठी परंपरा आहे, तिच्यात सुंदर गोष्टी आहेत. पण 'आमचे पास्टर सांगतील तिथेच लग्न, ते म्हणतील तीच नोकरी' असं कुणी अभिमानाने सांगू लागलं, तर सावध व्हा. त्या पास्टरनेही व्हावं. घर, लग्न, नोकरी, पैसा यांबाबत सल्ला मागितला तर द्या, हुकूम देऊ नका. शिष्याकडून उसने पैसे घेऊ नका. त्याच्या मोबाइलचा पासवर्ड मागू नका (हे लिहावं लागतं याचंच वाईट वाटतं).

काही कुंपणं तर घातलीच पाहिजेत. मुलींना आणि नवविवाहितांना वाट दाखवायला मंडळीतल्या जाणत्या बाया हव्यात. लूकच्या आठव्या अध्यायात मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर बायका येशूबरोबर गावोगाव फिरत होत्या आणि आपल्या पैशाअडक्यातून त्या सगळ्यांचा खर्च चालवत होत्या. आपण मात्र बायकांना महिला मंडळाच्या चहाफराळात अडकवून ठेवतो. अठरा वर्षांखालच्या मुलांना एकट्याने, बंद खोलीत भेटू नका. आईवडिलांना वेळ आणि जागा माहीत असावी, दार उघडं असावं, दुसरा मोठा माणूस आसपास असावा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. क्षमेचं नाव पुढे करून ते मंडळीतल्या मंडळीत मिटवायचं नसतं.

आमिषाविषयीही स्पष्ट बोललं पाहिजे. पाच हजारांच्या त्या जेवणानंतर लोक येशूला धरून राजा करायला निघाले होते, असं योहान सांगतो. तो एकटाच डोंगरात निघून गेला. दुसऱ्या दिवशी ते पलीकडच्या काठावर येऊन पोहोचले तेव्हा त्याने तोंडावर सांगितलं, की तुम्ही पोटभर भाकर मिळाली म्हणून मला शोधताय. भुकेल्याला जेवू घाला, आजाऱ्याची फी भरा, पण त्यावर श्रद्धेची पावती मागू नका. कुणी स्वतःहून विचारत आला तर खरं खरं सांगा आणि त्याला वेळ द्या. त्याच्या घरच्यांनाही द्या.

हा वेळ केवढा असू शकतो? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. पुढे काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी सोवळंओवळं, वेगळा स्वयंपाक चालूच होता. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला दिसतं, की जातिभेद सोडण्याच्या विचारापर्यंत त्या स्वतःच्या डोक्याने, स्वतःच्या गतीने आल्या. टिळक तापट होते, संसारात धांदरट होते, त्यांच्याशी राहणं सोपं नव्हतं. तरी या एका बाबतीत बाईंचा निर्णय बाईंचाच राहिला. आणि नवऱ्याच्या अर्धवट राहिलेल्या 'ख्रिस्तायन'मध्ये पुढे भर घालणाऱ्याही त्याच.

सगळ्यांना आपल्याच गटात ओढायचं नसतं, हेही इथेच सांगतो. गरसेकरांच्या मुलखातला भूतग्रस्त माणूस बरा झाल्यावर येशूबरोबर येऊ देण्याची विनवणी करत होता. येशूने त्याला घरी, आपल्या माणसांत पाठवलं आणि त्याने दकापलीसभर जे घडलं ते सांगितलं. पुण्याला किंवा आखातात नोकरीला निघालेला तुमचा तरुण ही मंडळीची हानी समजू नका. तिथल्या मंडळीचा पत्ता शोधून द्या, ती आपल्या पंथाची नसली तरीही. आपल्यात नसलेला कुणी येशूच्या नावाने काम करतो म्हणून योहानाने त्याला अडवलं होतं, तेव्हा येशूने योहानालाच थांबवलं होतं.

काही जण सोडून जातील. श्रीमंत तरुणाला सगळं विकून टाकायला सांगताना येशूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं होतं, पण तो खिन्न होऊन गेला तेव्हा त्याच्यामागे धावून अट सैल केली नाही. सोडून गेलेल्याचं नाव 'प्रार्थनेचा विषय' म्हणून सभेत घेऊन त्याच्या घरची चर्चा करू नका. वाढदिवसाला फोन करा.

आणि जो पडून परत येऊ पाहतो त्याच्यासाठी पेत्राची गोष्ट आहे. तो आपल्याला नाकारणार हे येशूला आधी माहीत होतं. त्याने त्याच्यासाठी आधीच प्रार्थना केली होती. नंतर तिबिर्य समुद्राच्या काठी कोळशांचा विस्तव पेटवून त्यावर मासे ठेवले होते, भाकर होती. आधी न्याहारी झाली, मग प्रश्न. तीनदा प्रेमाविषयी विचारलं आणि तिन्ही वेळा मेंढरांचं काम सोपवलं. झाल्या प्रकाराची माफी मागायला लावली नाही. अर्थात पेत्राने भीतीपोटी स्वतःला वाचवलं होतं, दुसऱ्या कुणाला लुबाडलं नव्हतं. मंडळीचे पैसे खाल्लेल्या माणसाला संगतीत परत घ्या, खजिनदार करू नका.

शेवटचं काम म्हणजे बाजूला होणं. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या सेवेतले तीन वल्हांडण सण येतात; सगळा काळ तेवढाच. आपल्याकडे तरुण संघाचे अध्यक्ष पन्नाशीला पोहोचतात. तेव्हा ज्या दिवशी एखाद्याला बरोबर घ्याल, त्याच दिवशी मनाशी एक तारीख ठरवा, फार तर दोन वर्षांनंतरची. त्या दिवशी रविवारच्या शाळेच्या कपाटाची किल्ली, हजेरीपट, जमाखर्चाची वही आणि नाताळच्या कार्यक्रमाची सगळी सूत्रं त्याच्या हातात द्या, आणि पुढचे तीन-चार रविवार दुसऱ्या गावच्या मंडळीत उपासनेला जा. तो गाण्यांचा क्रम बदलेल, तुम्ही पंधरा वर्षं लावलेल्या खुर्च्या वेगळ्या लावेल. सोमवारी सकाळी त्याला फोन करू नका.